शेत कुठे पळून जाते?



संत लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय १४) मेजवानीचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. आमंत्रण नाकारताना एकाने शेत विकत घेतल्याचे सांगितले, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या, तिसऱ्याचे नुकतेच लग्न झाले होते. यात पाप कोणते? एकही नाही. तिघेही सरळमार्गी, संसारी माणसे, आपल्यासारखीच. म्हणून तर हा दाखला झोंबतो. पण विकत घेऊन झालेले शेत पाहायला जायचे, तेही जेवणाच्या वेळी!

आपल्या डोलवीत बैलजोड्यांची जागा आता ओव्हरटाईमने आणि हप्त्यांनी घेतली आहे. पोलाद कारखान्यात पाळी लागली तर रविवारी कामावर जावेच लागते. ती सबब नव्हे. मात्र सुट्टीच्या रविवारीही आपल्याला प्लॉट दाखवणारा एजंट आठवतो, मिस्सा आठवत नाही.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचा जपानमध्ये व्यापारात चांगला जम बसला होता. व्यापार करणे हेही पाप नव्हते. तरी तो सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. आपल्याकडे प्रभूने इतके मागितलेले नाही. रविवारचा तासभर मागितला आहे.

रात्रपाळी संपवून थेट मिस्सेला येणारेही आपल्यात आहेत. प्रवचनाच्या वेळी त्यांना डुलकी लागते. लागू द्या.