किल्ली कोणाच्या हाती?

राणीसावरगावी बसून मोबाईलवर लुगडे मागविले, यात दोष नाही. मग फोन येतो, 'पैसे परत करतो, ओटीपी सांगा.' अहो, पैसे परत यायला ओटीपी लागत नाही. तो लागतो पैसे जायला! ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटींवर रुपये गेले, बहुतेक बनावट कार्डांनी. तिथे खातेदारांनी कोणाला काही सांगितले नव्हते. इथे किल्ली आपणच देतो आणि लाजेने गप्प बसतो. आम्हांस त्या गप्प बसण्याचेच भय वाटते. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम केला, की अशा वेळी बँकेला कळविल्यानंतर जाईल तो तोटा बँकेचा, आधीचा आपला. दिंडीत चुकलेला वारकरी लाजतो का? लगेच वाट विचारतो. तसे बँकेला आणि १९३० ला तत्काळ कळवावे. पैसा या खात्यातून त्या खात्यात पळत असतो, तोवर कधी कधी वाटेतच अडविता येतो.