दोन महिन्यांची वजाबाकी

गावच्या दूध डेअरीवर मी वीस वर्षं माप घेतोय. किटली आली की लिटर बघायचे, नमुना काढायचा, फॅट लावायची आणि वहीत आकडा टाकायचा. आकड्यावर माझा लई विश्वास. माणूस खोटं बोलंल, माप बोलत नाही, असं मी कुणालाही ऐकवायचो. 2012 च्या पावसाळ्यात थोरली जन्मली आणि या विश्वासाला पहिल्यांदा तडा गेला.

एकतिसाव्या आठवड्यातच बायको बाळंत झाली. पोरीचं वजन भरलं 1300 ग्रॅम. तालुक्यावरनं रातोरात जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, 37 आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलं तर ते अपुऱ्या दिवसांचं मूल. आमच्याकडं त्याला सोपा शब्द आहे, सातमाशी. त्या शब्दासंगं एक समजूतही येते, की सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. डॉक्टर म्हणाले, "तसं काही नसतं. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळाला बरं." माझी आई मात्र जुनी समजूत धरून बसली. त्या रात्री तिला तेवढाच आधार होता, म्हणून मी वाद घातला नाही.

काचेच्या पेटीतल्या पोरीचं वजन रोज सकाळी व्हायचं. पहिल्या आठवड्यात ते 1180 वर आलं. सिस्टर म्हणाल्या, सुरुवातीला उतरतंच. पण माझा जीव त्या 120 ग्रॅममध्ये अडकला. पुढं नळीनं दूध, मग वाटी-चमच्यानं. थोडी सावरल्यावर तिला उघड्या छातीशी धरायला सांगितलं. बायको दमली की मी धरायचो. याला कांगारू पद्धत म्हणतात आणि ती 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिथं पेट्या कमी आणि बाळं जास्त होती म्हणून, हे मला नंतर कळलं. आई म्हणाली, "आमच्या टायमाला कापसात गुंडाळून ठेवायचे." सिस्टर हसल्या, "आजी, तुमचं काय नि आमचं काय, ऊबच द्यायची."

अडतिसाव्या दिवशी 1850 ग्रॅमची पोर घेऊन घरी आलो. आशाताई काटा घेऊन यायच्या, पोरीला झोळीत टांगून वजन करायच्या, अंग गार आहे का बघायच्या. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघर अशी बाळं जपली होती, त्याच वाटेनं हे काम आमच्या दारापर्यंत आलं होतं.

वजन वाढत होतं आणि गावात चौकशीही वाढत होती. "हंडा उचलला आसंल." "गिराण पाळलं नसंल." बघायला आलेली बाई जाता जाता बायकोच्या पदरात एक कारण टाकून जायची. पुष्कळदा कारण सापडतच नाही, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. तरी मी चारचौघांत तोंड उघडलं नाही. बायांच्या बोलण्यात पुरुषानं कशाला पडायचं, असं मनाला सांगत राहिलो. बऱ्याच वर्षांनी बायको एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "डाक्तर काय म्हणालं ते तुमास्नी ठावं हुतं. एकदा तरी बोलायचं हुतं." याला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

डॉक्टरांनी आणखी एक हिशेब शिकवला होता. पोर लवकर आली, म्हणून तिच्या वयातून दोन महिने वजा करायचे आणि मग बघायचं, मान कधी धरली, बसली कधी. सोळाव्या महिन्यात ती चालली, तेव्हा मी चौदावा धरला आणि निवांत झालो. ही वजाबाकी साधारण दोन वर्षांपर्यंतच करायची, असंही त्यांनी सांगितलं होतं.

आम्ही थांबलो नाही. चष्मा लागला, "सातमाशी हाय." पळायला मागं पडली, "सातमाशी हाय." धाकट्याला विहिरीवर पोहायला नेलं, तिला काठावर बसवलं. चौथीत गुरुजींनी बोलावून घेतलं. गणितात कच्ची आहे, म्हणाले. मी नेहमीसारखा सुरू झालो, "गुरुजी, तिचं काय हाय..." पोर शेजारीच उभी होती. घरी येताना म्हणाली, "आप्पा, मी आजून किती वर्सं सातमाशी?"

मला वाटायचं, मी तिला झाकतोय. खरं तर मीच त्या शब्दाआड लपलो होतो. पोरीत काही कमी दिसलं की त्याचं कारण तयार. मग पाढे घ्यायला रोज अर्धा तास बसायची गरज नाही, आणि ती पडेल म्हणून आपल्याला भ्यायचीही गरज नाही.

पण याची दुसरी बाजूही खरी आहे. "जगली हेच लई" असं लोक म्हणतात तेव्हा वाटतं, आता आणखी काही मागणं म्हणजे कृतघ्नपणा. तसं नाही. अशा मुलांचे डोळे, कान, शिकणं पुढंही बघत राहावं लागतं. महिन्याच्या आसपास डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो. त्यात हयगय केली तर नुसती माया कामाची नाही. वजाबाकी करूच नये असं माझं म्हणणं नाही. पोरीला मदत मिळावी म्हणून वजा केलं तर तो हिशेब, तिच्याकडून काही मागायला नको म्हणून वजा केलं तर ती लबाडी. दोन्ही वेळेला आकडा तोच असतो.

कॅनडातल्या डॉ. सरोज सैगल यांच्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. 1999 चा आहे. अपंगत्व असलेल्या जगण्याला किंमत किती द्यायची, हे त्यांनी डॉक्टर-नर्सना, आईबापांना आणि मोठ्या झालेल्या मुलांनाच विचारलं. भारी अपंगत्वाच्या जगण्याला आईबापांनी आणि मुलांनी डॉक्टर-नर्सपेक्षा जास्त किंमत दिली. बाहेरच्याला जे उणं दिसतं, ते जगणाऱ्याला तेवढं उणं वाटत नसावं. मग मी बाप असून बाहेरच्यासारखा का मोजत बसलो होतो?

त्या उन्हाळ्यात तिच्या कमरेला डबा बांधून विहिरीत उतरवलं. बायको काठावर पदर तोंडाशी धरून उभी होती. पोर धाकट्यापेक्षा उशिरा शिकली, किती उशिरा ते मी मोजलं नाही. गणित अजून बेताचंच आहे. आता आठवड्यातनं चार दिवस तरी पाढे घेतो, कधी मीच कंटाळतो.

परवा पाव्हण्यांत कुणीतरी विचारलं, "हीच ना तुमची सातमाशी?" मी म्हणालो, "ही थोरली." आणि बायकोकडं बघून पुढचंही बोललो, "लवकर जन्मली, त्यात हिच्या आईची काही चूक नव्हती." सगळे गप्प झाले. बायको चहा गाळत होती. तिनं वर बघितलं नाही. बारा वर्षं उशीर झाला होता, आणि त्यातनं वजा करायला माझ्याकडं काही नव्हतं.