रात्री साडेदहाचं उत्तर

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई मूळच्या बार्शीकडच्या. दोन आठवड्यांपूर्वी सकाळी आल्या त्या गप्पच होत्या. भांडी झाली, ओटा पुसून झाला, मग पदराला हात पुसत त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "वहिनी, एवढं वाचून बघा. ह्यात म्हणतंय, माझा हक्कच लागत नाही म्हणून."

प्रकरण असं होतं. त्यांचे वडील १९९९ साली गेले. जमीन आजोबांपासून चालत आलेली, चार एकर. वडिलांमागे सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं लागली. बहिणींना कोणी विचारलं नाही आणि बहिणींनीही विषय काढला नाही. आता जमिनीला गिऱ्हाईक आलं आहे आणि घेणाऱ्याच्या वकिलाने बहिणींचं हक्कसोडपत्र मागितलं आहे. भावाचा फोन आला, गुरुवारी ये, एक सही करायची आहे, गाडीभाडं मी देतो. ताई हो म्हणाल्या. पण रात्री आडवं पडल्यावर मनात सलत राहिलं, म्हणून उठून मुलाकडून मोबाइलवरच्या एआयला मराठीत विचारून घेतलं: वडिलांच्या जमिनीत माझा वाटा आहे का?

उत्तर नीटनेटकं होतं. स्वच्छ मराठी, क्रमांक घातलेले मुद्दे, कायद्याचं नाव, तारीखसुद्धा. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असतील तरच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळतो; तुमचे वडील त्याआधी वारले असल्यामुळे तुम्हाला हक्क नाही. खाली अगत्याने लिहिलं होतं की आणखी काही शंका असल्यास जरूर विचारा.

त्याच कंपनीचं ॲप माझ्याकडेही आहे. फरक इतकाच, मी त्याचे पैसे भरते. ताईंचाच प्रश्न मी शब्दाला शब्द तसाच टाकला. त्याने अर्धं मिनिट घेतलं आणि मग सांगितलं की वडील हयात असण्याची अट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालातली आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती मोडीत काढली. मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील कधी वारले यावर तो अवलंबून नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी तपासा, आणि तपासून होईपर्यंत कशावरही सही करू नका.

मी एका वकील मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, दुसरं उत्तर बरोबर आहे. पहिलं तर जुन्या हिशेबानेही चूक, कारण वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी १९५६ च्या कायद्यापासूनच वारस आहे.

मग मी ताईंना विचारलं, रात्री किती वाजता विचारलंत? साडेदहाला. त्याआधी मोबाइल कोणाकडे होता? मुलाकडे, सहापासून. तो दहावीत आहे, गणिताची उदाहरणं त्यातच सोडवून घेतो. त्याच्यानंतर धाकटीने तिचा निबंध विचारला. घरात स्मार्टफोन एकच, त्यावर खातं एकच. फुकटच्या खात्याला मोठ्या मॉडेलचे ठरावीकच प्रश्न मिळतात. ते संपले की पुढची उत्तरं लहान, स्वस्त मॉडेल देतं. ताईंची पाळी आली तोवर घरातला दिवसाचा शिधा संपला होता. पडद्यावर तशी एक बारीक ओळ आलेली होती, इंग्रजीत. त्यांच्या मोबाइलवर वरखाली करताना मला ती सापडली. मुलाला ती रोजचीच असल्यामुळे दिसेनाशी झालेली आणि ताईंना वाचता येण्याजोगी नव्हती.

आम्ही तिथेच, ओट्याशी उभ्या राहून, त्यांच्या मोबाइलवर तोच प्रश्न पुन्हा घातला. मर्यादा रात्रीतून नव्याने सुरू झाली होती. या वेळी त्या फुकटच्याच ॲपने २०२० चा निकाल बरोबर सांगितला. मला आनंद व्हायला हवा होता, पण अंगावर काटा आला. एका बाईच्या जमिनीचा निवाडा पोराचं गणित किती लांबलं यावर ठरणार होता.

आपल्या घरात फोन ज्याचा त्याचा असतो, म्हणून 'एका खात्याला इतके प्रश्न' हा नियम आपल्याला समान वाटतो. पण ताईंच्या घरात एका खात्यावर चार माणसं राहतात. शिधापत्रिकेवर माणसं मोजतात तशी इथे कोणी मोजत नाही.

आणखी एक गोष्ट त्या सकाळपासून माझ्या मनातून जात नाही. मोठ्या कंपन्यांच्या एआय ॲपची नेहमीची वर्गणी आपल्याकडे महिना दोन हजारांच्या आसपास पडते. ताईंना मी भांड्यांचे देते ते जवळपास तेवढेच. उन्हापावसात रोज दोनदा येऊन एक बाई माझं घर उभं ठेवते, तिच्या महिन्याभराच्या कष्टांइतकी रक्कम माझ्या खात्यातून एका तारखेला आपोआप वळती होते आणि माझ्या लक्षातही येत नाही.

पैसे भरणाऱ्याला जास्त सोयी मिळाव्यात याला माझी हरकत नाही. एसटीच्या साध्या गाडीत आणि शिवनेरीत फरक असतो आणि तो तिकीट काढतानाच कळतो. साधी गाडी उशिरा पोचते, गर्दी असते, पाठ अवघडते. पण ती पुण्याचं तिकीट घेतलेल्याला भलत्याच गावी उतरवून 'आलं बरं का पुणे' असं म्हणत नाही. धर्मादाय रुग्णालयांचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. अंमलबजावणीबद्दल तक्रारी आहेत, त्या खऱ्याही आहेत. पण तत्त्व कोणी नाकारत नाही: खाट साध्या वॉर्डात असेल, औषध मात्र तेच. निर्धन रुग्णाला कमी ताकदीची गोळी त्याच वेष्टनात घालून दिली तर आपण त्याला योजना म्हणणार नाही, फसवणूक म्हणू.

एआयच्या बाबतीत वेष्टन म्हणजे त्याची भाषा. लहान मॉडेलला माहिती कमी असली तरी त्याचा आवाज लहान होत नाही. तेच नम्र, ठाम, मुद्देसूद बोलणं. स्वस्त कापड हाताला लागलं की कळतं, पाणी घातलेलं दूध जिभेला कळतं. इथे तपासायला हातात काहीच नाही, कारण ज्याला तपासता येतं त्याला मुळात विचारावंच लागत नाही.

कंपन्यांची बाजूही खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. छापलेलं पुस्तक दहाजणांनी वाचलं तरी छपाईचा खर्च वाढत नाही. इथे प्रत्येक उत्तर नव्याने घडवावं लागतं आणि प्रत्येकाला महागड्या चिपांचा वेळ आणि वीज लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ओपनएआयने ओ१ हे मॉडेल आणलं, तेव्हापासून उत्तराआधी थांबून टप्प्याटप्प्याने विचार करणारी मॉडेलं रुळली, आणि त्या विचार करण्याचाही खर्च असतोच. शिवाय फुकटचं काही जागच्या जागी राहिलेलं नाही. मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ आलं तेव्हा चॅटजीपीटीवर ते पैसे भरणाऱ्यांनाच मिळत होतं. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ मर्यादित प्रमाणात का होईना, सगळ्यांना खुलं झालं. त्याच वेळी मराठीच्या पदरातही काहीतरी पडलं. ही यंत्रं वाक्याचे तुकडे करून वाचतात, त्यांना टोकन म्हणतात. ओपनएआयने तेव्हा दिलेल्या नमुन्यात एकाच मजकुराचे मराठीत आधी ९६ तुकडे होत, ते नव्या पद्धतीत ३३ वर आले. इंग्रजीत तेच २७ वरून २४. म्हणजे तोपर्यंत मराठीत विचारलेला प्रश्न यंत्राला इंग्रजीच्या साडेतीनपट जड पडत होता. फुकट आणि सशुल्क यांच्यातली दरी पैशांनीच पडते असं नाही, भाषेनेही पडते. ती बुजवता येते हेही या आकड्यांतून दिसतं.

आणि मग सवलतींचा पाऊस पडला. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची वर्षभराची सशुल्क सेवा मोफत देऊ केली. ऑक्टोबरअखेर जिओ आणि गूगलने जेमिनीची सशुल्क सेवा अठरा महिन्यांसाठी जाहीर केली, सुरुवातीला १८ ते २५ वयाच्या मुलामुलींना. नोव्हेंबरात चॅटजीपीटीची ३९९ रुपयांची 'गो' योजना वर्षभर फुकट झाली. ज्यांना याचा उपयोग झाला त्यांच्याबद्दल मला बरंच वाटतं. पण मुदत घालून दिलेली वस्तू ही चव असते, वाटा नसतो. वर्षभर ज्याच्या आधाराने मुलगा गणित सोडवायला शिकला, तो आधार ऐन दहावीच्या वर्षात निघून गेला तर त्या घराने काय करायचं?

हा वाद आपल्याला नवा नाही. फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' आलं होतं तेव्हा, गरिबांना निवडक का होईना, फुकट इंटरनेट मिळतंय तर अडवता कशाला, असंच विचारलं जात होतं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्राय या दूरसंचार नियामकाने मजकूर बघून वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली. गरिबाला अर्धंमुर्धं इंटरनेट चालणार नाही असं तेव्हा आपण म्हणालो होतो. अर्धंमुर्धं ज्ञान चालेल का, हे अजून नीट विचारलेलं नाही.

मराठीत 'फुकट' आणि 'मोफत' हे दोन शब्द आहेत आणि बोलताना आपण त्यांत बरोबर फरक करतो. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार करायची सोय नसते. मोफत मिळणाऱ्या गोष्टीमागे कोणीतरी बांधील असतं. सरकारी शाळेतली पुस्तकं मोफत असतात, त्यांना कोणी फुकटची म्हणत नाही. ताईंच्याच प्रकरणात मोफत असं काहीतरी होतं, फक्त ते मोबाइलमध्ये आपणहून समोर येत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० हा त्यासाठीचा फोन नंबर. त्या वकिलाने साडेदहाला वेगळा आणि सकाळी वेगळा कायदा सांगितला तर त्याला जाब विचारता येतो.

एवढी बांधिलकी मला त्या यंत्रामागच्या माणसांकडून हवी आहे. मोठं मॉडेल सगळ्यांना सदैव द्या, असं मी म्हणत नाही. पण लहान मॉडेल बोलू लागलं की ते, विचारणाऱ्याच्या भाषेत, उत्तराच्या आधी, ठळकपणे सांगा. आणि जमीन, औषध, फवारणी, कर्ज असा प्रश्न असेल तर त्या लहान मॉडेलला 'मला खात्री नाही, सही करू नका, आधी माणसाला विचारा' एवढं म्हणायला शिकवा. यासाठी चिपा लागत नाहीत. मनावर घ्यावं लागतं.

पैसे भरणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. सशुल्क म्हणजे बिनचूक नव्हे. माझंही ॲप अनेकदा तितक्याच ठामपणे चुकलेलं आहे. आणि सशुल्क म्हणजे खासगी असंही नव्हे. ताईंनी प्रश्नात भावांची नावं आणि गट नंबर घातला होता. वैयक्तिक खातं फुकटचं असो की वर्गणीचं, बहुतेक ठिकाणी सेटिंगमध्ये जाऊन नकार दिला नाही तर आपलं बोलणं पुढच्या मॉडेलच्या शिक्षणाला वापरलं जाऊ शकतं. ताईंच्या मोबाइलमधलं ते बटण आम्ही शोधून बंद केलं. मग माझ्याही मोबाइलमधलं केलं, कारण ते चालूच होतं.

गुरुवारी ताई बार्शीला गेल्या नाहीत. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवेच्या कार्यालयात गेल्या, मी बरोबर होते. तिथल्या वकीलबाईंनी फेरफाराची नक्कल मागितली आणि विचारलं, वाटणी कागदावर झाली होती की तोंडी? भाऊ रागावला आहे. दिवाळीला माहेरी बोलावतील की नाही ही धाकधूक ताईंना आहे आणि तिचं उत्तर कुठल्याच ॲपमध्ये नाही.

परवा भांडी घासता घासता त्या मुलाबद्दल सांगत होत्या. ते सगळं कळल्यापासून तो संध्याकाळी मोबाइल घेऊन आधी त्यांच्यापाशी येतो. "आई, तुला काही विचारायचंय का, आधी विचारून घे," म्हणतो. त्या नाही म्हणाल्या, तरी स्वयंपाक होईपर्यंत तो वही उघडून नुसताच बसून राहतो.