बिनसाखरेचं गोड आणि कुत्रा

शनिवार-रविवारी कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवर माणसांबरोबर त्यांचे कुत्रे येतात, आणि सामानातून शुगर-फ्री च्युइंगमही. त्यातला झायलिटॉल माणसाला सहसा बाधत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र तो एकदम इन्शुलिन सोडायला लावतो आणि रक्तातली साखर बहुधा तासाभरातच कोसळते. वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅमही त्याला पुरतो. १० किलोच्या कुत्र्याला म्हणजे १ ग्रॅम, च्युइंगमच्या मोजक्या गोळ्या! मात्रा वाढली तर यकृतही निकामी होऊ शकतं. सगळेच कृत्रिम गोड पदार्थ असे घातक नसतात, हा आक्षेप रास्तच आहे. सुक्रालोजने साखर अशी घसरत नाही. पण वेष्टनावर ठळक असतं ते ‘शुगर-फ्री’; झायलिटॉल बारीक अक्षरांत, कधी नुसता ९६७ हा आकडा. कुत्र्याने असं काही खाल्लं, तर तो झोकांड्या खाईपर्यंत थांबू नका. वेष्टन घेऊन ताबडतोब पशुवैद्य गाठा. घरी उलटी करवण्याचा प्रयोग त्यांना विचारल्याशिवाय नको.