मिटले की निजले?

मराठी माणसाला शेवट तोंडाने उच्चारायला आवडत नाही. घराबाहेर पडताना तो 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दुकानदार रात्री दुकान बंद करीत नाही, ते 'वाढवतो'. देवापुढचा नारळ फोडायचा नसतो, तोही वाढवायचाच असतो. आणि हातातली बांगडी फुटली तरी ती फुटली असे घरातली वडीलधारी बाई कधी म्हणणार नाही. या गोड लबाडीबद्दल भाषेला कोणी दोष देऊ नये. शेवटाचे भय साऱ्यांनाच असते; आपल्या भाषेने ते थोडे सुसह्य केले इतकेच. मात्र या सवयीपायी एक प्रश्न कायम झाकलेला राहतो. एखादी गोष्ट खरोखर संपली असे केव्हा म्हणायचे, आणि तिच्यावर नुसते पांघरूण पडले आहे हे ओळखायचे कसे?

हा प्रश्न मला कोणा तत्त्वज्ञाने घातला नाही. आमच्या सोनगीरच्या घरातल्या संगणकाने घातला. धुळ्याहून शिरपूरकडे निघालेल्या प्रवाशाला मुंबई-आग्रा रस्त्यावर टेकडीवरचा एक जुना किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याशी आमचे गाव. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ते पूर्वापार नावाजलेले. तांबटांच्या ठोक्यांतच आम्ही लहानाचे मोठे झालो. ठोके चालू असले की पोरे निवांत झोपत, आणि ते एकाएकी थांबले की दचकून जागी होत. तेव्हा निजणे आणि जागणे ही वाटतात तेवढी सरळ प्रकरणे नाहीत, याची थोडी कल्पना मला होतीच.

संगणकाला दोन व्याधी जडल्या होत्या. रात्री त्याला निजवावे, तर पडदा काळा होई, पण आतला पंखा घरघरत राही. डोळे मिटून जागे राहणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. आणि रीतसर बंद करून सकाळी सुरू करावा, तर काळ्या पडद्यावर एक पांढरा बाण तेवढा उभा राही. मग बटण दाबून धरून त्याला जबरदस्तीने बंद करावे, पुन्हा चालू करावे, की स्वारी ठीक! घरात लगेच निकाल लागले. कोणी म्हणाले, जुना झाला. कोणी म्हणाले, विकून टाका. बिघाड कुठे आहे हे कळण्याआधी 'बिघडला' असा निवाडा देण्याची आपल्याला फार घाई असते, आणि ती घाई आपण यंत्रांपुरती ठेवतो असेही नाही.

शेवटी भिंतीपलीकडून नानाकाकांचा नातू आला. धुळ्याला कॉलेजात शिकतो. मला म्हणाला, "काका, हा बिघडला नाही. ह्याला कोणीतरी झोपू देत नाहीये." संगणकाला 'तुला कोण जागे ठेवते आहे?' असे सरळ विचारण्याची एक आज्ञा असते. त्याने ती दिली आणि उत्तर आले. छपाईचे एक काम शिल्लक होते. कधीकाळी काढायला सांगितलेला सातबाराचा एक उतारा छापायचा राहून गेला होता, आणि ज्या छपाईयंत्राने तो छापायचा ते तर गेल्या वर्षीच माळ्यावर गेले होते! माळ्यावरच्या यंत्राची वाट पाहत हा बिचारा रात्रभर जागत होता. मुलाने ते काम रद्द केले. पंखा थांबला.

सकाळच्या व्याधीचे मूळ अधिक गंमतीचे निघाले. २०१२ सालापासून घरगुती संगणकांत एक सोय आली आहे. आपण 'बंद कर' म्हणतो तेव्हा तो आपली उघडी पाने मिटतो खरा, पण आपल्या गाभ्याची त्या क्षणीची अवस्था तबकडीवर लिहून ठेवतो आणि सकाळी तीच परत उचलतो. त्यामुळे लवकर उठता येते. म्हणजे आपण ज्याला बंद करणे समजतो ते निजवणेच असते. माळ्यावरच्या त्या छपाईयंत्राचा एक सहायक प्रोग्राम आत राहून गेला होता, आणि या अर्धवट झोपेतून त्याला नीट उठता येत नव्हते. 'रीस्टार्ट' केले तर मात्र सारे कोऱ्या पाटीपासून सुरू होई. जबरदस्तीने बंद केल्यावरही तसेच. मुलाने तो प्रोग्राम काढला, ती सोयही काढून टाकली. आता यंत्र थोडे उशिरा उठते, पण शहाण्यासारखे उठते.

तो मुलगा ज्या घरातून आला, त्या घराशी आमचे भांडण 'मिटलेले' आहे असे मी लहानपणापासून ऐकत आलो. आजोबांनी करवून घेतलेले तांब्याचे मोठे घंगाळ, मागच्या खोलीचे छप्पर आणि थोडी शेतजमीन, एवढाच त्याचा विषय. चार वडीलधाऱ्यांनी अप्पांना आणि नानाकाकांना समोरासमोर बसवले, 'झाले गेले विसरा' म्हटले, चहा झाला. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी कधी वावगे बोलले नाहीत. खरे म्हणजे बोललेच नाहीत. आणि दहा-बारा वर्षांनी एखाद्या लग्नाच्या मांडवात कोणी सहज घंगाळाचे नाव काढले, की तेच शब्द, तोच स्वर, अगदी त्या दिवशीचा! जे मिटले असते ते इतके ताजे कसे उठले असते?

येथे कोणी म्हणेल, निजले तर निजू द्यावे. सगळी भांडणे उकरून का मिटवायची असतात? या म्हणण्यात तथ्य आहे. रीस्टार्टला किंमत पडते. जपून न ठेवलेले सारे त्यात पुसले जाते. दोन म्हाताऱ्यांना खरे-खोटे करायला समोर बसवावे, तर उरलेला अबोल सलोखाही जायचा. झाकल्या मुठीवर कितीतरी घरे सुखाने चालली आहेत. मीही पुष्कळ वर्षे याच मताचा होतो, आणि ते मत वेडगळ होते असे मला आजही वाटत नाही.

माझे मत हलले ते निजलेल्या यंत्राविषयीच्या एका साध्या माहितीने. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशात घडवलेला संगणक चालू झाला. त्याची स्मृती चुंबकीय कड्यांची होती. वीज गेली तरी कड्यांतले चुंबकत्व जागच्या जागी राही. आजच्या संगणकाची चालती स्मृती तशी नाही. तो निजला तरी ती जपण्यासाठी त्याला थोडी वीज अखंड लागते. फार नाही, अगदी थोडी. पण क्षणभरही न थांबता. निजलेली वस्तू फुकट निजत नाही.

मग निजलेल्या भांडणाला ही थोडी वीज कोण पुरवते? भांडणारे नव्हेत, ते तर स्वस्थ असतात. आमच्याकडे ती आजीने पुरवली. अनरसे आणि शेव झाकून या दारातून त्या दारात ताट नेणारी ती. कोणत्या पंगतीत कोणाला कोणाशेजारी बसवायचे नाही, कोणापुढे कशाचे नाव काढायचे नाही, हे लक्षात ठेवणारी ती. आजी गेली आणि त्या दिवाळीला पलीकडून फराळ आला नाही. वीज गेली होती. पुढल्या वर्षी काही न बोलता आईने ताट उचलले. तिचा त्या घंगाळाशी काडीचा संबंध नव्हता. झाकली मूठ शहाणपणाची खरी. पण ती बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हाताची असते, आणि त्या हाताला कधी कळ लागली का हे आपण विचारीत नाही. अशा शांततेला मी खोटी म्हणणार नाही. पण तिचे देणे तिसराच माणूस फेडीत असेल तर तिला न्याय्य कसे म्हणू?

बृहदारण्यक उपनिषदात राजा अजातशत्रू आणि गार्ग्य यांची कथा आहे. ब्रह्माविषयी पुष्कळ बोलणाऱ्या गार्ग्याला राजा एका निजलेल्या माणसापाशी नेतो. त्याला मोठमोठ्या नावांनी हाका मारतात. तो उठत नाही. मग हाताने हलवतात आणि तो उठतो. हा झोपेत होता तेव्हा कुठे होता, असे राजा विचारतो. त्या प्रश्नाची खोली पंडितांनी सांगावी. मला त्यातला हात आवडतो. 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेल्या पत्रिकांनी आमच्याकडेही कोणी उठले नव्हते. एके संध्याकाळी नानाकाका आपण होऊन आले, ओट्यावर बसले, अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अप्पा, छपराचे किती झाले होते ते एकदा सांगून टाकतो." आकडे निघाले. दोघांच्या मनातले आकडे जुळले नाहीत. अजूनही जुळलेले नाहीत. घंगाळ होते तिथेच आहे. पण आता फराळाचे ताट आईला न्यावे लागत नाही. अप्पा स्वतः नेतात आणि तास-तास परत येत नाहीत.

तेव्हा विसरणे आणि निजवणे यांखेरीज तिसराही मार्ग आहे, आणि तो आपल्या व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दिवाळीला ते नवी चोपडी पुजतात. पहिल्या पानावर 'श्री' लिहितात, पण जुने खाते नव्हतेच असे मानीत नाहीत. मागली बाकी, येणे असो वा देणे, आकड्यानिशी पुढे ओढतात. बाकी असणे यात त्यांना अशुभ वाटत नाही. ती न लिहिणे अशुभ वाटते. लिहिलेली बाकी कोणाला रात्री जागवीत नाही. न लिहिलेली मात्र घरातल्या कुठल्या तरी बाईच्या नाही तर पोराच्या उशाशी घरघरत राहते.

या सणात घरोघरी माळे झाडले जातात. झाडताना एवढेच पाहावे, की तिथे पडलेल्या एखाद्या यंत्राची वाट पाहत खाली कोणी अजून जागे तर नाही ना.