अर्धली

आमच्या वडवणीकडं शेळी अर्धलीनं देतात. शेळी एकाची, राखण दुसऱ्याची, करडं निम्मी-निम्मी. दोन झाली तर एकेक. एकच झालं तर त्याची किंमत करायची. जो ठेवून घेईल त्यानं दुसऱ्याला निम्मे पैसे द्यायचे. इथवर हिशोब सोपा. पण शेळीच मेली तर? मालक म्हणतो, माझं भांडवल गेलं. राखणारा म्हणतो, अन् माझं वरीसभर रानोमाळ हिंडणं?

धंद्यातल्या भागीदारांसाठी १९३२ चा कायदा आहे. वेगळं ठरलं नसेल तर नफा सारखा, तोटाही सारखा, अन् राबल्याचा निराळा पगार नाही. पैसा बुडाला की वहीत दिसतो, घाम बुडालेला दिसत नाही. राखणाऱ्यानं हयगय केली नसेल तर, माझ्या मते, शेळीबरोबर दोघंही बुडाले. कुणी कुणाकडं भरपाई मागू नये.

मग ऊसतोडीचं काय? नवरा-बायको मिळून एक कोयता. मोळ्या बांधती ती, डोक्यावर वाहती ती. उचल मात्र बहुतेकदा नवऱ्याच्या हातात. ही भागी कुणी तोंडीसुद्धा ठरवलेली नसती. दोघा भागीदारांत काही ठरलं नसलं तर कायदा निम्मं-निम्मं धरतो. मग घरात तसं का धरू नये?