न दिसणारी अक्षरे

शास्त्रपाठ : निर्गम ३१:१-५, मत्तय १३:४५-४६, लूक १६:१०



काशीच्या रामघाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. तेथे वेदाध्ययन चालते. वैदिक पठणाच्या जटापाठात दोन शब्द आधी सरळ, मग उलट आणि पुन्हा सरळ म्हणतात. एखादा शब्द गळला किंवा क्रम बिघडला, तर तो तत्काळ ध्यानी यावा, अशी ही योजना आहे. आपले शास्त्र निराळे, आपला विश्वास निराळा. परंतु ही अक्षरनिष्ठा आपणांस परकी वाटू नये. काना-मात्रेचे मोल आपल्या प्रभूनेही सांगितले आहे.

आज अशी अक्षरनिष्ठा ज्यांच्या रोजच्या भाकरीशी निगडित आहे, असे कितीतरी तरुण-तरुणी आपल्या मंडळ्यांत बसतात. ते इंटरनेटवरील संकेतस्थळे घडवितात. एखादे चिन्ह चुकले तरी त्यांचे काम अडते. लोकांना पडद्यावरचे पान दिसते. त्यामागे यांनी लिहिलेली अक्षरे कोणी पाहत नाही. म्हणून पुष्कळांच्या मनात येते, ‘पाचारण पाळकांना आणि मिशनऱ्यांना, आमची ती केवळ नोकरी.’ हे खरे आहे काय?

अमेरिकेतील लॅरी वॉल यांचे उदाहरण पाहा. ते व त्यांची पत्नी भाषाशास्त्र शिकत होते. जिला लिपी नाही अशी एखादी भाषा शोधावी, तिच्यासाठी लिपी सिद्ध करावी आणि तीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करावे, हा त्यांचा मानस होता. प्रकृतीच्या कारणामुळे तो बेत सोडावा लागला. मिशनक्षेत्राचे दार बंद झाले.

पण देवाने दिलेले दान वाया गेले नाही. १९८७ साली वॉल यांनी ‘पर्ल’ ही संगणकभाषा प्रसिद्ध केली व ती सर्वांना मोफत दिली. १९९० च्या दशकात असंख्य संकेतस्थळे तिच्या आधाराने चालली. हे नाव प्रभूच्या दाखल्यातील मोलवान मोत्यावरून आलेले आहे. त्यांची आवडही भाषांतरकाराचीच. एकच गोष्ट अनेक रीतींनी म्हणता यावी आणि शब्दाचा अर्थ संदर्भावरून ठरावा, असे त्यांनी योजिले. मी भाषांतराच्या मेजावर बसतो तेव्हा हेच अनुभवतो. माणसाची भाषाही अशीच असते.

निवासमंडपाचे काम करण्यासाठी देवाने बसालेलाला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले. त्याच्या हाती छिन्नी होती, आपल्या मुलांच्या हाती कळफलक आहे. कौशल्य देणारा मात्र एकच.

तथापि, तरुण मित्रांनो, जेथे कोणी पाहत नाही तेथेच मोहही असतो. ठाऊक असलेला दोष झाकून काम सोपवावे, परक्याची माहिती असुरक्षित ठेवावी, दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर खपवावे, हे सर्व पडद्याआड सहज शक्य आहे. थोडक्याविषयीच्या विश्वासूपणाची कसोटी तेथेच लागते. तुमच्या अक्षरांचा पहिला वाचक परमेश्वर आहे, हे विसरू नका.

आणि मंडळीच्या वडीलजनहो, येत्या रविवारी मिशनऱ्यांसाठी प्रार्थना कराल तेव्हा या मुलांचीही नावे घ्या. एखाद्याचे इच्छिलेले दार बंद झाले असेल, तर त्याला सांगा : दार बंद झाले, पाचारण नव्हे.